जुनी छोटी गाडी गरम होतेय? पार्ट बदलण्याआधी या क्रमाने तपासा

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर गेला की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. आधी रस्त्याच्या कडेला बोनट उघडून पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं जातं. मग गॅरेजमध्ये ‘रेडिएटर चोकअप आहे’ हे ऐकायचं. रेडिएटर बदलून झाला की वॉटर पंप, पंपानंतर ‘सेन्सर टाकून बघू’. खिसा हलका होतो, काटा मात्र खाली येत नाही. शेवटी दोष निघतो रेडिएटरच्या झाकणात, नाहीतर फॅनच्या रिलेत, म्हणजे फॅनला वीज देणाऱ्या छोट्या स्विचात.

चूक होते ती क्रमात. कूलिंग सिस्टिमचा दोष आधी थंड इंजिनावर, मग गाडी जागेवर चालू ठेवून आणि सगळ्यात शेवटी रस्त्यावर शोधायचा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन पार्ट एकदम बदलले तर कुठल्यामुळे फरक पडला हे कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच त्रास पुन्हा सुरू झाला की शोध शून्यापासून.

खालचं सगळं ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-टेन अशा दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या, पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांना धरून आहे.

गाडी आत्ता गरम झाली असेल तर

काटा मधल्या जागेच्या थोडा वर असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा, काचा खाली घ्या. हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच, त्यामुळे इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये येते. मे महिन्यात हे सोसणं कठीण, पण पुढच्या सिग्नलपर्यंत गाडी पोचते. काटा लाल पट्ट्यात असेल किंवा बोनटमधून वाफ दिसत असेल तर मात्र सुरक्षित जागा बघून लगेच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘माजिवड्यापर्यंत तर जाऊ’ या हट्टापायीच इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचा धातूचा भाग) वाकडं होतं.

सावधान: गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. किमान पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा होज पाइप (जाड रबरी नळी) हाताला गार आणि मऊ लागला तरच, जाड फडकं धरून, झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, थांबा, मग पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणंही टाळा. हेडला तडा जाऊ शकतो.

१. तयारी

टॉर्च, रबरी हातमोजे, जुनं टॉवेल, होजच्या क्लिपसाठी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प, पाण्यात बुडवता येईल असा थर्मामीटर, पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा. शिवाय दोन-तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचं कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव). हिरवं, गुलाबी, निळं यांचा फरक नुसत्या रंगाचा नसतो, आतली गंजरोधक रसायनं वेगळी असतात. आधी कुठलं भरलंय हे माहीत नसेल तर मिसळू नका, सगळं काढून नवीनच भरा.

गाडी २०१३ नंतरची असेल तर स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट) असतो. ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी रीडर घ्या, तो मोबाइलवर कूलंटचं तापमान थेट अंशांत दाखवतो. काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो, तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. रीडरवर साधारण ८५ ते १०० अंश दिसणं ठीक. १०५ च्या वर जात राहिलं तर लक्ष द्या, ११० ला गाडी बाजूला घ्या.

तपासणी उघड्या जागेत करा. पोडियमच्या किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये इंजिन वीस मिनिटं चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

२. गाडी नेमकी कधी गरम होते?

पाना हातात घेण्याआधी हे कागदावर लिहा. अर्धं निदान इथेच होतं.

ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि पाम बीच रोडला मोकळी धावू लागली की काटा खाली येतो. म्हणजे उभ्या गाडीला हवा मिळत नाही: फॅन, रिले, फ्यूज, फॅनचा सेन्सर, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेला कचरा.

उलट ट्रॅफिकमध्ये ठीक, पण मुंब्रा बायपासच्या चढाला किंवा सायन-पनवेल हायवेला वेग धरल्यावर गरम. म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही: आतून चोक झालेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व), किंवा दबून चपटा होणारा खालचा होज.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच गरम. इथे पाणीच कमी असतं, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनाच्या मधलं सील) गेलेलं असतं.

काटा वर-खाली उड्या मारत असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे असं समजा. आणि सगळ्यात फसवा प्रकार: गरम झालेल्या गाडीचा काटा अचानक थंडवर पडतो आणि आपण निःश्वास टाकतो. पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सरला ते लागतच नाही, तो वाफ मोजत बसतो. तिथेच इंजिन बंद करा.

३. थंड इंजिनावर: पातळी, झाकण, होज

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. आधी वरचा होज दाबून बघा. रात्रभर थंड होऊनही तो टणक लागला तर तशी नोंद करा, आठव्या पायरीत ती लागेल. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर झाकणातला छोटा उलटा व्हॉल्व अडकलाय, थंड होताना बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी परत आत येत नाही.

आता झाकण उघडा. इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त बाजूची प्लॅस्टिकची बाटली बघून पाणी ‘फुल आहे’ म्हणणं. ज्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं तिथे बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं सर्रास सापडतं. पाणी गळ्यापर्यंत दिसायला हवं. बोट आत फिरवा. तपकिरी गंज किंवा पांढरट खर लागली तर वर्षानुवर्षं बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी ओतलं गेलंय. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दगडासारखे बसतात. घोडबंदरच्या सोसायट्यांतल्या गाड्यांची निम्मी दुखणी मला तरी या एका सवयीची वाटतात.

झाकणावर जास्त वेळ द्या, कारण त्याकडे कोणी बघतच नाही. ते उलटं करा. मधला स्प्रिंगचा भाग अंगठ्याने दाबा, तो घट्ट विरोध करून सुटताच परत यायला हवा. खालच्या रबरी चकतीवर नखाने हळूच खरवडा. रबर कडक, चिरलेलं किंवा रेडिएटरच्या गळ्याचा गोल ठसा खोल उमटलेलं असेल तर झाकण बाद. मधोमध नाण्यासारखा छोटा व्हॉल्व असतो, तो नखाने ओढला की उघडून आपोआप बसला पाहिजे. वरती ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. झाकणाचं काम कुकरच्या शिट्टीचं: साधं पाणी शंभर अंशांना उकळतं, ०.९ बार दाबाखाली तेच ११८ च्या पुढे. दाब धरला नाही तर ट्रॅफिकमध्ये पाणी उकळणार, बाटलीतून बाहेर सांडणार आणि निदान होणार ‘रेडिएटर चोक’.

तपासा: नवीन झाकण त्याच आकड्याचं आहे का? जास्त दाबाचं बसवलं तर जुने होज आणि प्लॅस्टिकची टाकी फुटतात.

मग होज. चिरा बघा, क्लिपजवळ फुगवटा बघा, दाबल्यावर आत करकर वाजतंय का ते बघा. काही गाड्यांत खालच्या होजमध्ये आतून स्प्रिंग असते, ती गंजून गेली की जोरात रेस दिल्यावर पंप होज चोखून चपटा करतो. शेवटी पंप फिरवणारा पट्टा. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा वर गेला तर पट्टा तुटलाय, बाकी काही शोधू नका. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर असतो, तिथे हे लक्षण मिळणार नाही.

४. गळती

पाणी दर आठवड्याला कमी होतंय पण खाली डाग नाही अशी तक्रार असते. रात्री पुढच्या भागाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. जमिनीवर न दिसणारे थेंब पुठ्ठ्यावर दिसतात. एसीचं पाणी स्वच्छ आणि पातळ असतं, कूलंट रंगीत आणि बोटांना बुळबुळीत लागतं.

टॉर्चने या जागा बघा: रेडिएटरची अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे जोडली जाते ती कड, थर्मोस्टॅटचं घर, इंजिनाच्या अंगावर ठोकलेली पत्र्याची वाटीसारखी बुचं, आणि वॉटर पंपाच्या पोटाशी असलेलं बारीक भोक. या भोकातून सुकलेला पांढरट-गुलाबी ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलंय. पंप बदलायचा, एम-सील लावायचं नाही. पुढच्या सीटजवळचं कार्पेट ओलं आणि काचेवर आतून चिकट धुकं असेल तर हीटरची जाळी गळतेय.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली असेल तर इथे थांबून नीट बघा. गॅसचा दाब कमी करताना रेड्युसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचं गरम पाणी दिलेलं असतं, आणि त्यासाठी हीटरच्या होजला दोन ठिकाणी टी-जोड मारलेले असतात. हे जोड, त्यांच्या स्वस्त क्लिपा आणि तो पातळ होज ही या गाड्यांमधली सगळ्यात दुर्लक्षित जागा. मूळ कंपनीच्या चित्रात हे जोड नसतातच, त्यामुळे मेकॅनिकही तिकडे बघत नाही. गॅसवर चालताना रेड्युसरवर दव किंवा बर्फ धरलेलं दिसलं तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचत नाही: पाणी कमी आहे, त्या फांदीत हवा अडकली आहे किंवा होज मुडपला आहे.

इतकं करूनही गळती दिसली नाही तर प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज शोधा. थंड इंजिनावर झाकणावर लिहिलेला दाब हातपंपाने भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं सुई बघतात. सुई उतरली पण बाहेर थेंब नाही, तर पाणी केबिनमध्ये किंवा इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जातंय.

५. जागेवर चालू करून: थर्मोस्टॅट

पाणी भरा, झाकण लावा, एसी बंद ठेवून इंजिन सुरू करा. वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवा, पट्टा आणि फॅनपासून बाही दूर. पहिली काही मिनिटं तो गार राहायला हवा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा होज थोड्या वेळात एकदम तापतो. इंजिन तापलं तरी होज गारच, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडा अडकलाय किंवा कोणीतरी काढूनच टाकलाय. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो, तिथे खालचा होज कधी तापतो ते बघा.

संशय असेल तर काढून पातेल्यात लटकवा, तळाला टेकू न देता. थर्मामीटर लावून पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या सुमाराला चांगला उघडा दिसला पाहिजे. ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका.

‘साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, आपल्याकडे कुठे बर्फ पडतोय?’ हे वाक्य ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळेल. माणूस अनुभवी असतो, हेतूही चांगला असतो, तरी त्याला सांगा, ‘नको दादा, नवीन बसवा.’ थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट तापत नाही, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं, आणि चढाला गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

६. फॅन

इंजिन तसंच चालू ठेवा. साधारण ९५ अंशांच्या आसपास फॅन लागला पाहिजे आणि काही अंश उतरल्यावर बंद झाला पाहिजे. हे चक्र दोनदा बघा.

फॅन लागलाच नाही तर इंजिन बंद करून या क्रमाने जा. आधी फ्यूज. मग रिले: शेजारचा त्याच क्रमांकाचा रिले, हॉर्नचा वगैरे, अदलाबदल करून बघा. मग मोटरचं कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट द्या, बोटं पात्यांपासून लांब ठेवून. मोटर फिरली तर मोटर चांगली, दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर थर्मोस्विच असतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून इग्निशन चालू केल्यावर फॅन फिरला तर स्विच खराब. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत फॅन ईसीयू चालवतो, तिथे कूलंट सेन्सरचं कनेक्टर काढलं की खबरदारी म्हणून फॅन आपोआप लागतो. काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर काही गाड्यांत वेगवेगळे असतात, हे सेन्सर बदलण्याआधी पार्टवाल्याला विचारा.

कनेक्टरमधल्या पिनाही बघा. ऐरोली, वाशीच्या खाडीकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्या हिरवट होऊन बसतात. नुसतं घासून साफ केल्याने फॅन सुरू होतो.

फॅन फिरतोय म्हणजे काम करतोय असं नाही. ब्रश झिजलेली मोटर आळसटल्यासारखी फिरते. वर्तमानपत्राचं पान पुढच्या जाळीशी धरा, ते आत ओढलं गेलं पाहिजे. बाहेर ढकललं जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्यात आणि फॅन उलटा फिरतोय.

नको: फॅन ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका. तोडगा म्हणून घरापर्यंत पोचायला ठीक. कायमचा ठेवला तर मूळ दोष झाकला जातो, मोटर लवकर मरते आणि फ्यूजशिवाय वायर जोडलेली असेल तर जळायची भीती.

७. हवा आणि प्रवाह

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत मेट्रोच्या कामाची धूळ, पावसातला चिखल, वाळकी पानं यांची गादी तयार होते. पुढून सगळं स्वच्छ दिसतं. वरचे बोल्ट सैल करून रेडिएटर थोडा मागे घ्या आणि टॉर्च मारा. साध्या नळाने इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते.

आतून चोक आहे का, हे गाडी पूर्ण तापवून, इंजिन बंद करून आणि फॅनचं कनेक्टर काढून बघा. रेडिएटरच्या जाळीवर हाताने किंवा लेसर थर्मामीटरने तापमान बघत जा. एका बाजूकडून दुसरीकडे ते सारखं उतरत जायला हवं. मधेच गार चट्टा लागला तर त्या नळ्या बंद आहेत. अॅल्युमिनियम-प्लॅस्टिकचा रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळई घालून) वाचवण्यात अर्थ नाही, बदलाच. आता रेडिएटर बदलणं योग्य, कारण आता तुमच्याकडे कारण आहे. कनेक्टर परत लावायला विसरू नका.

८. हेड गॅस्केट

आधीचं सगळं ठीक आलं आणि गाडी तरी तापतेय, तरच इथे या. थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करा आणि गळ्यात बघा. सुरुवातीचे थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असू शकतात. पण ते थांबतच नाहीत, रेस दिली की वाढतात आणि सकाळी वरचा होज टणक सापडला होता, तर इंजिनाच्या सिलिंडरमधला जळलेला गॅस पाण्यात येतोय. सकाळी सुरू करताना एक सिलिंडर क्षणभर मिस होणं, सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, हेही त्याच दिशेचे पुरावे.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला म्हणून घाबरू नका, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत दमट हवेनेच तो धरतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलच कॉफीच्या रंगाचं झालं असेल तर मात्र गाडी सुरू करू नका, टो करून न्या.

हेड उघडण्याआधी ब्लॉक टेस्ट मागा. रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण भरलेली नळी ठेवतात, पाण्यात एक्झॉस्ट गॅस असेल तर ते पिवळं होतं. हेड उघडलंच तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून दाखवायला सांगा. अनेक छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, त्यापुढे फेसिंग (हेड घासून सपाट करणं) करावंच लागतं. जुने पार्ट परत मागून घ्या.

९. भरणं आणि हवा काढणं

काहीही बदललं तरी शेवट इथेच होतो, आणि घाईत हीच पायरी सुटते. गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करून उभी करा, सोसायटीच्या रॅम्पचा मोकळा भाग चालतो. हीटर पूर्ण गरमवर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बाटलीवर ‘तयार मिश्रण’ लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको. छोट्या गाडीत साधारण साडेतीन ते पाच लिटर बसतं. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा लिटरभर कमी बसलं तर आत हवा आहे.

हळू ओता, मधेमधे दोन्ही होज दाबा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. झाकण काढलेलं ठेवून इंजिन सुरू करा, पातळी उतरेल तसं भरत जा, पाणी तापून वर यायला लागलं की झाकण लावा. फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या. हीटरमधून सलग गरम हवा यायला हवी. गरम-गार-गरम येत असेल तर हवा अजून आत आहे. सीएनजी गाडीत रेड्युसरचे दोन्ही होज हाताला तापलेले लागले पाहिजेत.

सांडलेलं जुनं कूलंट तसंच सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात. डब्यात भरून गॅरेजला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीवर, झाकण उघडून पुन्हा पातळी बघा. थोडी उतरलेली असणं स्वाभाविक, भरून टाका. मग एसी लावून गाडी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये नेऊन बघा, आणि तिथे टिकली तरच गायमुखच्या किंवा पारसिक हिलच्या चढाला. आठवडाभर रोज सकाळी बाटलीवरच्या खुणेशी मार्करने रेघ मारत जा. रेघा खाली सरकत असतील तर चौथ्या पायरीपासून पुन्हा बघा.